मेंढा (लेखा) : कंसातल्या शेजाऱ्याचं प्रकरण

मेंढ्याचं नाव सरकारी कागदावर एकटं येत नाही. मेंढा (लेखा) असं येतं. मेंढा नावाची गावं विदर्भात एकापेक्षा जास्त, त्यामुळे यातलं कोणतं ते कळावं म्हणून शेजारच्या गावाचं नाव कंसात घालायची पद्धत पडली. पुढे बोलताबोलता कंस गळला आणि वर्तमानपत्रांतून ‘मेंढालेखा’ असं एकच जोडनाव रूढ झालं. पण लेखा वेगळं, मेंढा वेगळं. ग्रामपंचायत मात्र बरीच वर्षं गटाची होती, आणि तिचं नाव लेखा.

सगळं प्रकरण मला या कंसात दिसतं. आपल्या जंगलाचा हक्क मिळवून त्याचा कारभार स्वतः करणारं गाव म्हणून मेंढ्याबद्दल आजवर पुष्कळ लिहून झालंय. त्यातल्या बहुतेक लिखाणात हे गाव एखाद्या बेटासारखं असतं: भोवती सगळी बजबजपुरी आणि मधे एक शहाणं गाव. वाचायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. मेंढ्याने जे जे मिळवलं, त्यातली एकही गोष्ट शेजाऱ्यांना वगळून मिळालेली नाही. आणि जिथे गाडी अडली, तिथेही बहुतेक वेळा ‘तुमचं गाव नेमकं कुठे संपतं?’ या एकाच प्रश्नावर अडली.

आधी गावाचा ठावठिकाणा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला साधारण ३० किलोमीटर गेलं की धानोरा यायच्या थोडं आधी मेंढा लागतं. कठाणी नदी जवळून वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. वस्ती गोंडांची. घरात गोंडी, कागदावर मराठी. घरं शंभरच्या आसपास, माणसं पाचशेच्या आसपास. शेती धानाची, बांध घातलेल्या बांध्यांमधली. आणि या एवढ्याशा गावाच्या वाट्याला जंगल १,८०० हेक्टर. घरटी हिशेब केला तर १८ हेक्टर. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला हा आकडा जमीनदारीचा वाटेल. इथे तो मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, मध आणि बांबू यांचा आहे. यातल्या एकाही झाडावर कुणा घराचं नाव नाही.

कोणती ग्रामसभा?

गाव म्हणजे काय, हा प्रश्न शहरात बसून हास्यास्पद वाटतो. तलाठ्याकडे जा, त्याचं उत्तर वेगळं. ग्रामसेवकाकडे जा, त्याचं वेगळं. महसुली गाव ही जमीन मोजण्याची सोय आहे. ग्रामपंचायत ही कारभाराची सोय आहे. वस्ती लहान असेल तर दोन-चार गावं जोडून एक गट ग्रामपंचायत करतात. माणसं मात्र यातल्या कुठल्याच सोयीप्रमाणे राहत नाहीत. ती टोल्यावर राहतात, पाड्यावर राहतात, आणि ‘आपलं गाव’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे तो टोलाच असतो.

गट ग्रामपंचायतीची ग्रामसभा कशी चालते हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण लागतात, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला सात माणसांत सगळे ठराव मंजूर होतात आणि सह्यांची वही घरोघर फिरते. दुसऱ्या वस्तीतून चालत येऊन, आपल्या जंगलाशी काही घेणंदेणं नसलेल्या विषयांवर हात वर करणं, याचा कंटाळा माणसाला येणारच.

मेंढ्याने ऐंशीच्या दशकात सरळ एक गोष्ट केली: आपली सभा आपल्या गावात भरवायला सुरुवात केली. कायदा त्याला ग्रामसभा म्हणत नव्हता. गाव म्हणत होतं. देवाजी तोफा हे गावचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे ‘वृक्षमित्र’ संस्थेचे कार्यकर्ते, ही दोन नावं या काळापासून मेंढ्याशी जोडलेली आहेत. गावाने बाहेरच्या माणसासाठी एक जागा आखून दिली, ती जागा म्हणजे अभ्यास गट. तिथे कुणीही यावं, माहिती द्यावी, वाद घालावा. निर्णय मात्र तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तिथे फक्त गाव. या एका भिंतीने मेंढ्याला कार्यकर्त्यांच्या प्रेमापासूनही वाचवलं, असं माझं मत आहे. भलं करायला आलेल्यांनी ताब्यात घेतलेली गावं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

निर्णयाची रीत सर्वसहमतीची. मतदान नाही. एकाचा जरी ठाम विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. हे ऐकायला आदर्श आणि करायला जिकिरीचं. शंभर घरांत ते जमतं, कारण नाही म्हणणारा माणूस संध्याकाळी त्याच बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, भेटणार असतो, त्याच्या नाहीमागचं कारण जंगल आहे की मागच्या पावसाळ्यातलं बांधाचं भांडण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तीन-चार वस्त्यांच्या मिळून भरलेल्या सभेत हे जमणार नाही. तिथे विरोधाचं कारण कळायलाच वर्ष जाईल. लहान असणं ही मेंढ्याची अडचण नव्हती, तीच त्याची भांडवली गुंतवणूक होती. कायद्याला मात्र हे कळायला १९९६ उजाडावं लागलं.

त्या वर्षी डिसेंबरात पेसा कायदा आला. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या या कायद्याने गावाची व्याख्याच बदलली: एखादी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथला समाज आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे आपले व्यवहार चालवतो, ते गाव. म्हणजे तलाठ्याचा नकाशा बाजूला ठेवून लोकांच्या डोळ्यांपुढचं गाव कायद्याच्या पुस्तकात आलं. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला २०१४ पर्यंत वेळ घेतला, ते एक असो.

घोषणेचा पहिला अर्धा भाग

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मेंढ्याची म्हणून प्रसिद्ध आहे. फोटो काढणारे तिचा दुसरा अर्धा भाग काढतात. त्यात बंडखोरी आहे, पोस्टरवर शोभते. मला पहिला अर्धा भाग महत्त्वाचा वाटतो. दिल्ली-मुंबईतलंही सरकार ‘आमचं’ आहे, असं हे लोक आधी म्हणतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे सरकार नाकारणारी बंदूकही फिरत होती आणि सरकारची बंदूकही, तिथे हे वाक्य तोलून मापून केलेलं आहे. आम्ही फुटून निघत नाही, फक्त आमच्या शिवेच्या आतलं आम्ही बघू.

आणि हे शहाणपण एका गावात बसून आलेलं नाही. इंद्रावतीवरचा भोपालपट्टणम आणि गोदावरीवरचा इचमपल्ली, या दोन धरणांना विरोध करायला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभं राहिलं. शेकडो गावं त्यात होती. माणसं एकमेकांच्या गावी गेली, मुक्काम केले, एकमेकांची भाषणं ऐकली. धरणं बारगळली. आंदोलन ओसरल्यावर बहुतेक गावं आपापल्या धानाकडे वळली. मेंढ्याने बोलणं चालू ठेवलं. फरक असलाच तर एवढा.

शेजार कामी कसा आला हे घोटुलाच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं. घोटुल म्हणजे गोंड गावातलं तरुणांचं घर. तिथे नाच-गाणी होतात, शिकणं-शिकवणं होतं. मेंढ्याचं घोटुल मोडलं होतं. गावाने ठरवलं, पुन्हा बांधायचं, आणि रिवाजाप्रमाणे सागाच्या खांबांवर बांधायचं. साग जंगलातून आणला. सागाला हात लावणं म्हणजे वनखात्याच्या लेखी गुन्हा. खात्याची माणसं बंदोबस्तात आली, घोटुल पाडलं आणि लाकूड घेऊन गेली. एकटं मेंढा असतं तर इथे गोष्ट संपली असती. पण आजूबाजूच्या गावांची बैठक बसली आणि उत्तर असं निघालं की आता एकट्या मेंढ्यात नाही, गावागावात घोटुल बांधायचं. एका गावात पाडता येतं. दहा गावांत एकदम पाडायला जायचं म्हणजे दहा ठिकाणी बंदोबस्त लागतो, आणि कशासाठी, तर पोरांचं नाचघर पाडायला. खात्याने मग हा नाद सोडला. मेंढ्याचं घोटुल पुन्हा उभं राहिलं.

मध पिळायचा की काढायचा

या गावाच्या कामाची रीत कळायला मी नेहमी मधाचं उदाहरण देतो. बांबूचं उदाहरण मोठं आहे, पण मधाचं जवळून बघता येतं.

आग्या मोहोळ उंच झाडाला, उघड्यावर लागतं. रूढ पद्धत अशी: अंधार पडला की पेटता टेंभा घेऊन वर चढायचं, माशा जाळायच्या किंवा पळवायच्या, सगळं पोळं खाली उतरवायचं आणि हाताने पिळायचं. पिळताना मधाबरोबर अळ्या, पराग, मेण, सगळं येतं. मध लवकर आंबतो, भाव कमी मिळतो, आणि पुढच्या वर्षी त्या झाडावर वसाहत येईलच याची खात्री नाही. अभ्यास गटात यावर बोलणं सुरू झालं तेव्हा गावातल्या जाणत्यांना जे माहीत होतं तेच कामी आलं: पोळ्यात मध एका बाजूला, वरच्या जाड भागात असतो, अळ्या-अंड्यांचा भाग खालचा. मग वर्ध्याकडच्या जाणकारांच्या मदतीने वेगळी रीत बसवली. अंगभर पोशाख चढवून वर जायचं, धुराने माशा फक्त बाजूला सारायच्या, मधाचा भाग तेवढा चाकूने कापून घ्यायचा, पिल्लांचा भाग जागेवर राहू द्यायचा. वसाहत जगते, माशा मधाचा भाग पुन्हा बांधतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो.

आता यात शेजाऱ्याचा मुद्दा काय? मुद्दा असा की माशीला शीव कळत नाही. मेंढ्याने आपल्या हद्दीत पोळी राखली आणि पलीकडच्या जंगलात कुणी टेंभा घेऊन चढला, तर मेंढ्याचाच तोटा. म्हणून ही रीत पसरवणं हे मेंढ्याच्या हिताचं होतं, परोपकार नव्हता. जंगल राखण्याच्या गप्पांमध्ये हा साधा स्वार्थ कुणी सांगत नाही, मला तो फार आश्वासक वाटतो.

शीव चालून बघणे

हे जंगल पूर्वी जमीनदारीत होतं. १९५० नंतर जमीनदाऱ्या गेल्या आणि जंगल सरकारकडे आलं. मध्य प्रांताच्या वारशाने इथल्या गावांना निस्तार हक्क होता, म्हणजे घरगुती वापराचं लाकूड, बांबू, चराई. तो कागदावर आक्रसत गेला. त्याच जंगलातला बांबू मात्र बल्लारपूरच्या कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या कराराने जात होता, आणि ज्या दराने जात होता तो दर ऐकून बुरुडाला हसावं की रडावं कळलं नसतं. एक टोपली विणायला चार वेळू हवेत तर त्याने कार्ड दाखवून रांगेत उभं राहायचं. मेंढ्याने गिरणीची तोड आपल्या जंगलात थांबवली. तक्रार फक्त दराची नव्हती. गठ्ठ्यावर मजुरी असलेला बाहेरचा मजूर बांबूचं बेट कसं कापतो, हीही होती.

२००६ चा वनहक्क कायदा आला, १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले, आणि ‘सामूहिक वनहक्क’ नावाची गोष्ट मागता येऊ लागली: गावाच्या पारंपरिक सीमेच्या आतलं जंगल वापरण्याचा, राखण्याचा, त्याचा कारभार करण्याचा हक्क. मागणी करायची तर आधी ती सीमा दाखवावी लागते. इथे शेजारी आला.

नियम सांगतो की दोन गावांच्या पारंपरिक सीमेवरून वाद असेल, किंवा एकच जंगल दोन ग्रामसभा वापरत असतील, तर दोन्हींच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं आणि काय ठरलं ते लेखी द्यायचं. प्रत्यक्षात हे काम बसून होत नाही, चालून होतं. गडचिरोलीत ज्या ज्या गावांनी दावे केले तिथे थोड्याफार फरकाने हेच घडलं. एका गावचे चार म्हातारे, दुसऱ्या गावचे चार म्हातारे, मागे वही आणि जीपीएस यंत्र घेतलेली पोरं. नाल्याच्या संगमापासून सुरुवात. तिथून अमुक मोहाचं झाड, ते आता नाही, पण बुडखा आहे. तिथून देवाचा दगड. तिथून टेकडीची पाणधार. एखाद्या ठिकाणी दोन्ही बाजूचे म्हातारे थांबतात आणि वेगवेगळ्या दिशांना हात करतात. मग खाली बसणं, तंबाखू, कुणाचा आजा कुठे ढोरं चारायचा याची उजळणी. शेवटी बहुतेक वेळा दोघांची मिळून एक पट्टी ठरते: मालकी कुणाची हे लिहायचं नाही, मोह वेचायला दोन्हीकडच्या बायका येतील. कागदाला असली पट्टी आवडत नाही, नकाशाला रेघ लागते. माणसांचं मात्र तिच्यावाचून चालत नाही.

२००९ मध्ये मेंढा आणि त्याच जिल्ह्यातलं मर्दा, या दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात ती पहिली. मर्द्याचं नाव कुणाला आठवत नाही, याची मला दर वेळी खंत वाटते. पहिलं येऊनही माणसाने दुसऱ्याच्या सावलीत कसं राहावं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

झाड की गवत

हक्क मिळाला, बांबू उभा होता. गावाने तो कापून विकायचं ठरवलं. कापायचे नियम गावाने स्वतःवर घातले, आणि ते वनशास्त्राशी जुळणारेच आहेत. यंदाचा कोंब आणि गेल्या सालचा कोवळा वेळू यांना हात लावायचा नाही. बेटाच्या एका अंगाने आत शिरायचं, जुने वेळू काढायचे, कडेचे राखायचे. काप जमिनीपासून वीतभर वर, गाठीच्या लगेच वर घ्यायचा. म्हणजे बुडख्याच्या पोकळीत पावसाचं पाणी साचत नाही आणि बुडखा कुजत नाही. गठ्ठ्यावर पैसे मिळवणारा मजूर हे बघत बसत नाही. तो हाताला येईल तिथे कोयता मारतो.

बांबू कापला, पण रस्त्यावर काढायचा तर वाहतूक परवाना हवा. ज्याला तिकडे सगळे टीपी म्हणतात. वनखात्याने तो द्यायला नकार दिला. कारण सरळ होतं: १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दात बांबू धरलेला होता, आणि झाड म्हणजे इमारती लाकूड, खात्याचं. वनहक्क कायदा म्हणत होता, बांबू हे गौण वनोपज आहे, ग्रामसभेचं. वनस्पतिशास्त्राला विचारलं तर ते सांगेल की बांबू हे गवत आहे. तिघांत खरं कोण, हे ठरेपर्यंत गाड्या जागेवर.

गावाला पर्याय होता. गुपचूप दोन ट्रक काढून द्यायचे, एखाद्या व्यापाऱ्याच्या नावावर टीपी घ्यायची, पैसे करायचे. असं करणारे कमी नसतात. मेंढ्याने वाद उघडा ठेवला. २१ मार्च २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनोपज म्हणून धरा. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण बरोबर होते, आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक देवाजी तोफांच्या हाती देण्यात आलं. आता परवाना ग्रामसभा देणार.

समारंभाचा फोटो सर्वत्र छापून आला. त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षी सप्टेंबरात झाली आणि तिचा फोटो नाही. वनहक्क कायद्याचे नियम २०१२ मध्ये सुधारले, त्यात लिहिलं गेलं की गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल. मेंढ्यापुरती सवलत सगळ्यांचा नियम झाली. मेंढ्याने दोन ट्रक गुपचूप काढले असते तर हे झालं नसतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

पहिल्या हंगामात व्यवहार कोटीच्या घरात गेला. ग्रामसभेला पॅन कार्ड काढावं लागलं. जी सभा सर्वसहमतीने चालते ती आता निविदा काढू लागली, कर भरू लागली, मजुरीचे चेक लिहू लागली. हे काम रोमँटिक नाही. हिशेबाची वही कोण लिहिणार, लेखापरीक्षण कोण करणार, व्यापाऱ्याने अनामत बुडवली तर काय, अशा गोष्टींत गावातली शिकलेली चार पोरं अडकून पडतात. शंभर घरांच्या गावात अशी पोरं चारच असतात.

लहान असण्याची किंमत

आता दुसरी बाजू. लहान गाव निर्णय चांगला घेतं, सौदा चांगला करतंच असं नाही. बांबूचा किंवा बिडीसाठीच्या तेंदूपानाचा ठेकेदार दहा गावांत फिरून आलेला असतो. त्याला माहीत असतं की पान तोडणीचा हंगाम उन्हाळ्यातले मोजके दिवस असतो आणि पान वाट बघत नाही. एकट्या गावाला तो भावात सहज वाकवतो. यावर उपाय शेजारच्या गावांनी काढला आणि तो मेंढ्याच्या पुढचा आहे. जिल्ह्यात हजारावर गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, तेव्हा अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपानाचे लिलाव करायला सुरुवात केली. उत्तरेकडच्या कोरची तालुक्यात तर गावांच्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. जंगलाचा निर्णय टोल्यावर, सौदा तालुक्याला. लहान राहायचं कुठे आणि मोठं व्हायचं कुठे, हे वेगवेगळं ठरवता येतं, हे त्यांनी दाखवलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना २०१२ मध्ये १,००६ हेक्टरवर हक्क मिळाला. बांबू विकायचा, पण तेंदूपान तोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. चांगलं पान फुटावं म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात, त्यात जंगलाचं नुकसान होतं, हे कारण. हातचा पैसा सोडणारा हा ठराव मेंढ्याची नक्कल करून आलेला नाही.

बांबूलाही एक खोड आहे. मानवेल काही दशकांनी एकदाच फुलतो, मोठ्या प्रमाणावर फुलला की बेटंच्या बेटं एकदम सुकतात, आणि बियांतून नवं जंगल उभं राहायला वर्षं लागतात. सगळी मदार बांबूवर ठेवलेल्या गावाला त्या वर्षांत शेजाऱ्याच्या जंगलाकडे बघावं लागेल. शिवेवरची ती बिननावाची पट्टी तेव्हा आठवेल.

कंस

२०१३ मध्ये मेंढ्याने ग्रामदान करायचं ठरवलं. पुष्कळांना धक्का बसला. ग्रामदान म्हणजे विनोबांच्या काळातली गोष्ट. पहिलं ग्रामदान उत्तर प्रदेशातल्या मंगरोठचं, १९५२ मधलं. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा, आणि त्याखाली आलेली गावं बोटांवर मोजण्यासारखी. अर्ध्या शतकानंतर एखाद्या गावाला हा कायदा धूळ झटकून काढावासा का वाटावा?

एक कारण जमीन. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाच्या ग्राममंडळाकडे जाते. कसणं आणि वारसा कुटुंबाकडे राहतो, विसावा हिस्सा भूमिहीनाला जातो. जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. रस्त्याला लागून असलेल्या, तालुक्याच्या गावापासून हाकेवर असलेल्या मेंढ्याला ही कुंपणाची तरतूद आज ना उद्या लागणारच होती. जंगल सामूहिक झालं होतं, शेतं तेवढी उरली होती.

दुसरं कारण मला जास्त लक्षवेधी वाटतं. ग्रामदान गावाच्या ग्राममंडळाला ग्रामपंचायतीचे अधिकार मिळतात. म्हणजे लेखा गट ग्रामपंचायतीतून मेंढा बाहेर. जो वाद ऐंशीच्या दशकात ‘आपली सभा आपल्या गावात’ म्हणून सुरू झाला होता, त्याचं हे शेवटचं टोक. ठराव झाला, जमीनधारकांनी कागद केले, आणि मग पुढची वर्षं कार्यालयांत गेली. कायदा अस्तित्वात होता, तो वापरायची सवय कुठल्याच टेबलाला उरली नव्हती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावं लागलं.

यात लेखा गावाची बाजू कुणी फारशी विचारत नाही. गट ग्रामपंचायतीतून एक गाव निघालं की लोकसंख्या घटते, लोकसंख्येवर मिळणारा वित्त आयोगाचा निधी घटतो, आणि पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा पाच टक्के निधी तर गावागणिक वेगळा मोजावा लागतो. ग्रामसेवक एकच, त्याच्याकडे वह्या दुप्पट. हापशी, रस्त्यावरचे दिवे, दाखले देणारं कार्यालय, यातलं काय कुणाचं, हेही नालासंगमापासून देवाच्या दगडापर्यंत चालूनच ठरवावं लागेल.

आणि वेगळी पंचायत झाली तरी पत्त्यावरचा कंस काही पुसला जाणार नाही. मेंढा नावाची गावं विदर्भात अजूनही बरीच आहेत. टपालवाल्याला लेखा विचारावंच लागतं.